नाला रुंद केला म्हणून पूरक्षेत्र मोकळं होत नाही

ठाण्यात पावसाळा तोंडावर आला की एक बोलणं हमखास ऐकू येतं, की आमच्याकडे नाल्याचं रुंदीकरण झालंय, भिंतपण बांधलीय, आता पाणी भरणार नाही, मग काठावरच्या जमिनी कशाला अडकवून ठेवल्यात, होऊ द्या की बांधकाम. पण नाला सुधारणं आणि पूरक्षेत्र, म्हणजे पुराचं पाणी पसरायची काठावरची जागा, सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एक केलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

नाला सुधारणं म्हणजे पाणी लवकर पुढे ढकलणं. रुंदी वाढवली, गाळ काढला की जास्त पाणी मावतं, आणि तळ आणि बाजू काँक्रीटच्या केल्या की माप आणि उतार तोच असूनही पाणी जवळपास दुप्पट वेगाने जाऊ शकतं, कारण दगडगोटे आणि झुडपांचा अडथळा जातो. पण वरच्या बाजूला २०० मीटर लांबीत नाला रुंद करून उपयोग काय, खाली रस्त्याखालची किंवा रेल्वेखालची मोरी जुन्याच मापाची असेल तर पाणी तिथे तुंबणार आणि मागे फिरणार. आणि प्रत्येक नाला कुठलातरी पाऊस धरूनच बांधलेला असतो. मुंबईतली जुनी पर्जन्यवाहिनी ताशी २५ मिलीमीटर धरून होती, नंतर ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या योजनेत ५० धरले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पडला, म्हणजे नुसती सरासरी काढली तरी ताशी ३९, आणि प्रत्यक्षात त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला.

भिंतीचंही तसंच आहे, ती नाल्याचं पाणी बाहेर येऊ देत नाही हे खरं पण सोसायटीत पडलेला पाऊस नाल्यात जायचा कसा, त्यासाठी झडपा किंवा पंप नसले तर भिंतीच्या आतच तळं होतं.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा मुद्दा मात्र भरती. येऊरच्या डोंगरावरून उतरणारे नाले असोत की पारसिकच्या डोंगरावरून ठाणे-बेलापूर रोड ओलांडून येणारे, सगळे शेवटी खाडीला मिळतात, आणि ४.५ मीटरच्या वरची भरती असली की तोंडाशी खाडीच वर आलेली असते, मग नाला कितीही रुंद असला तरी पाणी जाणार कुठे? त्या दोन-तीन तासांत पाण्याला थांबायला जागा लागते आणि ही जागा रुंदीकरणातून पुरेशी मिळत नाही.

नवी मुंबई वसवताना सिडकोने हे ओळखलं होतं. बरेच नोड, म्हणजे तिथल्या वसाहती, भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून धारण तलाव ठेवले आणि खाडीच्या तोंडाला एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा बसवल्या, भरती चढली की दाबाने झडप बंद, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला झडप उघडते आणि तलाव रिकामा होतो. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. दुर्दैवाने अनेक तलावांत गाळ भरला, त्यावर खारफुटी उगवली, आणि खारफुटीला संरक्षण असल्यामुळे गाळ काढायचा तर हायकोर्टाची परवानगी लागते. खारफुटी हवीच, पण गाळ वेळच्या वेळी काढला असता तर ती तलावात उगवलीच नसती.

नदीच्या बाबतीत, म्हणजे उल्हास किंवा पनवेलची गाढी, हीच जागा पूररेषेने राखतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम नको. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दोन्हींच्या मधे अटींवर परवानगी. इथे लोक फसतात, २५ वर्षांतून एकदा म्हणजे आत्ता आला की पुढची २५ वर्षं निवांत असं नाही, दरवर्षी ४ टक्के शक्यता कायम असते. २० वर्षांचं होमलोन घेतलंत तर ते फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंतचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के, आणि लाल रेषेचा १८ टक्के. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली, हजाराच्या वर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. नदीने नवीन काही केलं नव्हतं, ती आपल्याच पूरक्षेत्रात पसरली होती.

शिवाय पूरक्षेत्रात भराव टाकला की तिथे मावणारं पाणी शेजारच्या वस्तीत जातं आणि वरच्या बाजूला नाला वेगवान केला की पुराचा लोंढा खालच्या लोकांकडे लवकर आणि उंच पोचतो, म्हणजे एकाचं रुंदीकरण दुसऱ्याचा पूर. म्हणून पुढच्या वेळी वॉर्डात कोणी रुंदीकरणाचा नकाशा दाखवला तर विचारा की खालची मोरी किती मापाची, भरतीच्या वेळी पाणी थांबणार कुठे आणि ती जागा विकास आराखड्यात मोकळी दाखवली आहे का, नसेल तर हरकती-सूचनांच्या मुदतीतच लेखी द्या, एकदा तिथे जोतं उभं राहिलं की ती जागा परत मिळत नाही.