अल्बम-मुखपृष्ठाची पुनर्निर्मिती

गाजलेल्या संगीत-अल्बमचे मुखपृष्ठ फोटोशॉप, गिम्प यांसारख्या सॉफ्टवेअरवर नव्याने रचण्याची हौशी आणि व्यावसायिक प्रथा. कधी ती थट्टा असते, कधी मानवंदना, कधी शिकाऊ हाताचा गृहपाठ. मूळ चित्र पाहताक्षणी ओळखू यावे आणि त्यात काय बदलले ते थोडे उशिरा लक्षात यावे, इतके साधले की काम जमले.

कापून जोडण्याची ही कला संगणकापेक्षा जुनी आहे. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमसाठी पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी नामवंतांचे पुठ्ठ्याचे पुतळे स्टुडिओत खरोखर रचले होते. त्यांत महात्मा गांधीही होते. भारतात लोक दुखावतील या धास्तीने रेकॉर्ड कंपनीने त्यांना छापील चित्रातून काढायला लावले. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. एकावर एक थर ठेवण्याची सोय, म्हणजे लेयर, त्यात १९९४ मध्ये आली आणि पुठ्ठ्याची गरज संपली.

सर्वाधिक नकला झालेल्या मुखपृष्ठांत बीटल्सचेच ‘अ‍ॅबी रोड’ येते. ८ ऑगस्ट १९६९ रोजी इयन मॅकमिलन याने लंडनमधील स्टुडिओजवळच्या रस्त्यात शिडीवर उभे राहून सहा छायाचित्रे काढली. तेवढा वेळ पोलिसाने वाहतूक थोपवून धरली होती. सहांपैकी पाचवे निवडले गेले. दर्शनी बाजूवर ना गटाचे नाव, ना अल्बमचे. त्यामुळे अक्षरांचे वळण जुळवण्याची कटकट नाही. झेब्रा क्रॉसिंग, ओळीने चालणारी चार माणसे, दुतर्फा झाडे आणि डावीकडे पांढरी फोक्सवॅगन बीटल. सोपे वाटते, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

पहिली चूक कॅमेऱ्याच्या उंचीची. छातीच्या उंचीवरून फोटो घेतला की पट्टे चपटे होऊन एकमेकांत मिसळतात. शिडीला पर्याय नाही. आजच्या क्रॉसिंगचा फोटो वापरायचा तर कडेच्या नागमोडी रेषा क्लोन टूलने, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून वर चिकटवणाऱ्या साधनाने, पुसाव्या लागतात, कारण ब्रिटनमध्ये त्या १९७१ पासून आल्या. पावलांकडेही लक्ष हवे: तिघांचा डावा पाय पुढे आहे, चौथ्या, अनवाणी पॉल मॅकार्टनीचा मात्र उजवा.

माणसे वेगवेगळ्या लेयरवर ठेवतात आणि कडा खोडरबराने न उडवता मास्कने झाकतात, म्हणजे चुकले तर परत आणता येतात. खरी परीक्षा सावलीची. मूळ ऊन सकाळी साडेअकराच्या सुमाराचे आहे. संध्याकाळी टिपलेला मित्र त्यात आणून बसवला की चेहरा कितीही सफाईने कापलेला असो, सावली चुगली करतेच. रंग जुळवून झाल्यावर सगळ्यांत वर फिल्मच्या कणांचा, ग्रेनचा, एकच थर देतात. तो नसेल तर नवी माणसे जुन्या रस्त्यावर स्टिकरसारखी दिसतात. छापायचे असल्यास मापही आधीच ठरवावे: एलपीचे, म्हणजे मोठ्या तबकडीचे, वेष्टन सुमारे ३१ सेंमी चौरस असते, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) एका बाजूस साधारण ३,७०० पिक्सेल. मूळ छायाचित्र उचलून त्यावर काम केले, तर गाण्यांपेक्षा वेगळा असा छायाचित्राचा स्वामित्वहक्कही आड येतो.

या प्रकारातला सर्वांत मिश्किल नमुना खुद्द मॅकार्टनीचा आहे. तो केव्हाच मेला, अशी अफवा १९६९ मध्ये पसरली. ‘अ‍ॅबी रोड’वरच्या बीटल गाडीच्या नंबरप्लेटचा शेवट लोकांनी ‘२८ आयएफ’, म्हणजे इंग्रजी ‘इफ’ (जर), असा वाचला: जगला असता तर २८ वर्षांचा असता. (तेव्हा तो २७ वर्षांचाच होता, पण अफवेला हिशेब लागत नाही.) १९९३ मध्ये ‘पॉल इज लाइव्ह’ या अल्बमसाठी मॅकमिलनच्याच जुन्या छायाचित्रातून चौघांना संगणकावर पुसून तिथे पॉल आणि त्याचा कुत्रा बसवण्यात आला. गाडी जागेवरच आहे. तिची पाटी मात्र आता ‘५१ आयएस’ अशी आहे, म्हणजे इंग्रजी ‘इज’: ५१ वर्षांचा आहे.