दुर्बीण आधी आली, नकाशा मागून

बोस्टनचे सर्जन हॅरिस मोशर यांनी १९२९ मध्ये इथमॉइड सायनसच्या (दोन डोळ्यांच्या मधल्या हाडातल्या पोकळ्यांच्या) ऑपरेशनबद्दल बजावलं होतं की, रुग्ण दगावण्याची याहून सोपी वाट क्वचितच असेल. यात अतिशयोक्ती नव्हती. या पोकळ्यांच्या शेजारी डोळ्याची खोबण, वर मेंदू. मधलं हाड काही ठिकाणी मिलिमीटरभरही जाड नसतं. कपाळावरच्या आरशातून नाकपुडीत जाईल तेवढ्याच उजेडात हे काम चाले. गालाच्या सायनससाठी ओठाखाली चीर देऊन हाड फोडायची कॉल्डवेल-लूक पद्धत त्यापेक्षा बिनधोक वाटे, आणि ती अनेक दशकं टिकली.

पुढे इंग्लंडच्या हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या दांड्यांची नवी भिंगरचना शोधली आणि जर्मनीच्या कार्ल श्टोर्झ यांनी १९६०च्या दशकात तिच्यावरून शरीरात घालायच्या बारीक दुर्बिणी (एंडोस्कोप) बनवल्या. पण नुसत्या उजेडाने भागलं नसतं. ऑस्ट्रियात ग्राझला वॉल्टर मेसरक्लिंगर वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. सायनसच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस मृत्यूनंतरही काही तास हलत राहतात. त्याचा उपयोग करून त्यांनी शवांमध्ये शेंबडाचा प्रवास न्याहाळला. गालाच्या सायनसला खाली भोक पाडलं तरी शेंबूड त्याला वळसा घालून वरच्या मूळ तोंडाकडेच जातो! या सगळ्या इतिहासात मला हे निरीक्षण सर्वांत देखणं वाटतं. सायनस खरवडण्यापेक्षा त्याचं तोंड मोकळं करा, हा धडा त्यातूनच मिळाला. हाइन्झ श्टामबर्गर आणि अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी १९८०च्या दशकात तो जगभर नेला.

दुर्बिणीतून दिसू लागलं, तरी आपण नेमके कुठे आहोत हे कळेलच असं नव्हतं. नाकातला मास पुन्हा वाढलेला, आधीच्या ऑपरेशनात ओळखीच्या खुणा गेलेल्या, त्यात रक्त. सीटी स्कॅन हाती असे, पण फिल्म भिंतीवर आणि हत्यार नाकात. हा दुवा १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या आखेनमध्ये गेओर्ग श्लॉन्डॉर्फ यांच्या गटाने जोडला. सांध्यासांध्यात सेन्सर बसवलेल्या यांत्रिक हाताचं टोक स्कॅनवर कुठे आहे, ते पडद्यावर दिसू लागलं. यालाच नॅव्हिगेशन म्हणतात. आज ते काम इन्फ्रारेड कॅमेरा किंवा चुंबकीय क्षेत्र करतं.

नाकातून कवटीच्या तळाशी पोचायची वाट त्याहून जुनी. हर्मन श्लोफर यांनी १९०७ मध्ये इन्सब्रुकला पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ नाकाच्या वाटेने काढली. पॅरिसचे गियो आणि माँट्रियलचे हार्डी यांनी ऑपरेशन चालू असताना एक्स-रे पाहण्याचा पायंडा पाडला. तीही नॅव्हिगेशनचीच सुरुवात म्हणायची. १९९०च्या दशकात पिट्सबर्गमध्ये ही ऑपरेशनं केवळ दुर्बिणीवर होऊ लागली. खरी डोकेदुखी होती मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळण्याची. नाकाच्या पडद्यावरचं अस्तर, त्याची रक्तवाहिनी शाबूत ठेवून, छिद्रावर पांघरायची युक्ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मोठ्या गाठींना हात घालणं शक्य झालं.

महाराष्ट्रात २०२१च्या म्युकरमायकोसिसच्या साथीत दुर्बिणीने सायनस साफ करणं घरोघरी माहीत झालं. नॅव्हिगेशन मात्र प्रत्येक ऑपरेशनला लागत नाही. त्याची मर्यादाही मोठी आहे: पडद्यावरचं चित्र ऑपरेशनपूर्वीचं असतं, मास काढला तरी ते बदलत नाही. दीडदोन मिलिमीटरची चूक चांगल्या यंत्रातही धरूनच चालावी लागते, आणि यंत्राला डोक्याची जागा कळावी म्हणून रुग्णाच्या कपाळावर लावलेला पट्टा सरकला की ती वाढते. म्हणून सर्जन अधूनमधून पॉइंटर ओळखीच्या हाडावर टेकवून पडदा खरं सांगतोय ना, हे तपासतात.