कच्चं खाल्लं की हिशेब नको?

‘कच्चा आहार निसर्गाचा, त्यात सगळं आपोआप मिळतं, मोजायचं कशाला?’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धं खरं आहे. काकडी, पेरू, कोथिंबीर भरपूर खाणाऱ्याने क जीवनसत्त्वाची चिंता करू नये.

घोडं अडतं ते बी-12 पाशी. हे जीवनसत्त्व बनवतात जिवाणू. भाजी-फळांत ते भरवशाचं नसतंच, मग ती कच्ची असो वा शिजवलेली. स्पिरुलिनात (शेवाळासारखा हिरवा-निळा पूरक आहार) जे असतं ते बहुतांशी नकली, शरीराला निरुपयोगी. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून ‘मला तर काहीच झालं नाही’ म्हणणारे भेटतात. पुढे साठा संपला की तळपायाला मुंग्या येतात. त्यात हिरव्या पाल्यातलं फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्व) या कमतरतेने होणारा रक्तक्षय झाकतं, म्हणजे धोक्याची घंटाच वाजत नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका अभ्यासात 201 कच्चाहारींपैकी 38 टक्क्यांना बी-12 ची कमतरता आढळली.

प्रथिनांचंही बघा: शंभर ग्रॅम मोड आलेल्या मुगात जेमतेम तीन ग्रॅम. वाटी भरलेली दिसते, इतकंच!

रोज वजनकाटा नको. आठवडाभर काय खाल्लं ते लिहून ठेवा, वर्षातून एकदा रक्त तपासा. बी-12 ची गोळी मात्र डॉक्टरांना विचारून सुरूच करा.