गरुड (ख्रिस्ती प्रतीक)

ख्रिस्ती परंपरेत गरुड हे मुख्यतः शुभवर्तमानकार (येशूचे चरित्र लिहिणारा) संत योहान याचे चिन्ह. देवाची वाट पाहणाऱ्याला मिळणारे बळ आणि बाप्तिस्म्यातून (पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेतून) लाभणारे नवे जीवन हेही अर्थ त्याला जोडले गेले आहेत.

बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टान्तातील प्राण्यांना माणूस, सिंह, बैल व गरुड अशी चार मुखे आहेत. बायबलातल्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकाच्या 4थ्या अध्यायात ते चार वेगळे प्राणी होतात आणि चौथा उडत्या गरुडासारखा दिसतो. हे चार प्राणी पुढे चार शुभवर्तमानकारांची चिन्हे मानले गेले. 2ऱ्या शतकात बिशप आयरेनियसने गरुड मार्काला आणि सिंह योहानाला दिला होता. बायबलाचा लॅटिन अनुवादक जेरोम याने लावलेली, गरुड योहानाला देणारी जोडणी मात्र टिकली. ती पटण्याजोगी आहे. योहान वंशावळीने किंवा गोठ्यातल्या जन्माने सुरुवात करत नाही, ‘प्रारंभी शब्द होता’ म्हणत थेट वरून उतरतो. कोकणपट्टीत कुलाब्याचे अफगाण चर्च (1858) याच योहानाच्या नावाने उभे आहे. अँग्लिकन देवळांत पितळी गरुडाच्या पसरलेल्या पंखांवर बायबल ठेवण्याची प्रथा आहे.

मराठी वाचकाला गरुड म्हटले की विष्णूचे वाहन आठवते. ख्रिस्ती गरुड वाहनही नाही आणि पूज्यही नाही, तो केवळ दाखला आहे. मूळ हिब्रू शब्द ‘नेशेर’. मीखा संदेष्टा त्याच्या टकलाचा उल्लेख करतो, त्यामुळे अनेक अभ्यासक तो गिधाड मानतात. म्हसळा तालुक्यातील चिरगावची गिधाडे ज्यांनी उंच घिरट्या घालताना पाहिली आहेत, त्यांना या अर्थाने प्रतीक उणावल्यासारखे वाटणार नाही.

तरीही कोकणात या प्रतीकाचा अर्थ उमगायचा तर समुद्रगरुड पाहावा. इथे त्याला काकण म्हणतात. पोट पांढरे, पाठ राखाडी, पंखांचा विस्तार दोन मीटरच्या आसपास. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचे भले मोठे घरटे. जोडी तेच वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरते. मासा किंवा समुद्रसाप तो पाण्याच्या पृष्ठभागावरून नखांत उचलतो. ऊन चढले, तापलेली हवा वर जाऊ लागली की काकण पंख किंचित वर उचलून तिच्यावर स्वार होतो आणि पंख न फडफडवता चढत जातो. बायबलातल्या यशयाच्या 40व्या अध्यायातले, परमेश्वराची वाट पाहणारे गरुडांसारखे वर जातील हे वचन इथे डोळ्यांना दिसते. बळ पक्ष्याचे कमी, वाऱ्याचे जास्त. त्याने फक्त पंख पसरायचे. माझ्या मते या प्रतीकाचा गाभा हाच.

म्हणूनच मोबाइलवर फिरणारी आणि प्रवचनांतही शिरलेली एक गोष्ट खटकते: चाळिशीत गरुड स्वतःची चोच खडकावर फोडतो, पिसे उपटतो आणि आणखी तीस वर्षे जगतो म्हणे. ती साफ खोटी आहे. चोच मोडलेला गरुड उपाशी मरेल. शिवाय तिच्यात सारी मदार स्वतःला इजा करून घेण्यावर आहे, तर बायबलातल्या 103ऱ्या स्तोत्रात तारुण्य गरुडासारखे नवे होते ते देवाच्या कृपेने. गरुड सूर्याकडे झेपावून जुनी पिसे जाळतो आणि झऱ्यात बुडून तरुण होतो, ही जुनी ख्रिस्ती कथाही कल्पितच. पण तिने बाप्तिस्म्याचा अर्थ तरी नेमका सांगितला. प्रत्यक्षात पिसे थोडी थोडी गळतात आणि तशीच थोडी थोडी उगवतात, उडणे थांबत नाही. काकणाचे पिल्लू तपकिरी असते. त्याचे पोट पांढरे होईपर्यंत चार-पाच वर्षे जातात.