सभासद नसाल तरी आत या

‘वर्गणी भरली नसेल तर वाचनालयात काय काम?’ हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि तो चुकीचा आहे. वर्गणी आणि अनामत लागते ती पुस्तक घरी न्यायला. बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत मुक्तद्वार विभाग असतो; तिथे वर्तमानपत्रं, मासिकं कुणीही बसून वाचावीत.

शिवाय वाचनालय म्हणजे नुसती पुस्तकांची कपाटं नव्हेत. 1840 साली सुरू झालेलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालयच घ्या. नाशिककरांचं लाडकं ‘सावाना’. त्याचं स्वतःचं वस्तुसंग्रहालय आहे, परशुराम साईखेडकर नाट्यगृहही त्याचंच. तिथल्या नाटकाला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? तुमच्या गावातल्या वाचनालयाचा सूचनाफलक एकदा वाचाच. व्याख्यानमाला, मुलांची शिबिरं, कधी चित्रपटही, सगळं तिथे लागलेलं असतं.