बेटावरचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते

ठाण्यात नळाला येणारे पाणी भातसा आणि उल्हास या नद्यांवरून कित्येक किलोमीटर अंतर कापून येते, नवी मुंबईची तहान मोरबे धरण भागवते, आणि वापरून झालेले पाणी शेवटी ठाणे खाडीच्या वाटेला लागते. ही दोन्ही टोके घरापासून इतकी दूर आहेत की, ती एकाच प्रवासाची टोके आहेत हे रोजच्या धबडग्यात आपल्या लक्षातही येत नाही. लक्षद्वीपमधील किंवा अंदमानातील एखाद्या लहान बेटावर मात्र ती काहीशे मीटरच्या आत येतात, आणि ज्या प्रवाळभित्तीसाठी आपण एवढ्या लांब गेलेलो असतो ती त्यांच्या अगदी शेजारी असते. आपल्याकडील जलतरण तलावांमध्ये स्कूबाचे पहिले धडे घेऊन आणि तारकर्लीला एक-दोन बुड्या मारून पुढे अशा बेटांवर मुक्कामाला जाणारे अनेक जण माझ्या परिचयाचे आहेत. ते निवास निवडताना बांबूच्या खोल्या, कागदी स्ट्रॉ आणि छतावरील सौर पत्रे आवर्जून पाहतात. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु प्रवाळाच्या दृष्टीने निवास पर्यावरणपूरक आहे की नाही, याचा निर्णय बहुतांशी एकाच प्रश्नावर होतो, आणि तो म्हणजे तेथील नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) कुठे जाते.

शेतकऱ्यांच्या नित्य बोलण्यातील ही दोन नावे समुद्राच्या संदर्भात क्वचितच ऐकू येतात. प्रवाळ बेटाभोवतीचे पाणी नितळ निळे दिसते, कारण त्यात जवळजवळ काहीच नसते. सूक्ष्म वनस्पती वाढण्यासाठी लागणारे नत्र आणि स्फुरद त्यात इतके कमी असते की, पाणी गढूळ किंवा हिरवे होऊच शकत नाही. अशा उपाशी पाण्यात जीवसृष्टीची एवढी दाटी कशी होते, हे कोडे ‘डार्विनचा विरोधाभास’ या नावाने ओळखले जाते. त्याचे उत्तर काटकसरीत आहे. प्रवाळाच्या इवल्याशा प्राण्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहते; ते सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने साखर तयार करते आणि त्यातील मोठा हिस्सा प्राण्याला देते, तर प्राण्याच्या शरीरातून बाहेर पडणारे नत्र शैवाल वापरून टाकते. प्रवाळाच्या एकूण ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंतचा भाग या देवाणघेवाणीतून भागू शकतो. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागावर पसरलेल्या प्रवाळभित्तींच्या आश्रयाने समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रजाती राहतात, त्या या काटकसरीच्या बळावर.

आता तेथे माणसे आणून ठेवली की काय होते, ते पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरातून दिवसाला साधारण १० ते १३ ग्रॅम नत्र बाहेर पडते आणि त्यातील बहुतेक भाग लघवीतून जातो. पाहुणे आणि कर्मचारी मिळून शंभर माणसे एखाद्या बेटावर राहत असतील, तर दिवसाला सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे वर्षाला चारशे किलोहून अधिक नत्र तेथे जमा होणार. हे नत्र बेटावर पिकलेल्या अन्नातून आलेले नसते. तांदूळ, डाळ, चिकन आणि अंडी यांच्या रूपाने ते मुख्य भूमीवरून बोटीने आलेले असते. प्लास्टिकची बाटली परत पाठवण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी केली जाते, नत्राची मात्र सहसा कोणीच करत नाही.

‘आमच्याकडे मलप्रक्रिया केंद्र आहे’ असे उत्तर मिळाल्यावर आपले समाधान होते, ते खरे तर इथे होऊ नये. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे सुमारे ४० मिलिग्रॅम नत्र असते. उत्तम केंद्र ते १० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणते, आणि शहरासाठी ही कामगिरी समाधानकारक मानली जाते. निरोगी प्रवाळभित्तीवरील पाण्यात विरघळलेले वापरण्याजोगे नत्र मात्र लिटरमागे काही मायक्रोग्रॅम ते फार तर काही दशक मायक्रोग्रॅम एवढेच असते. म्हणजे उत्तम प्रक्रिया केलेले, वास नसलेले, दिसायला स्वच्छ पाणीसुद्धा प्रवाळासाठी शेकडो पटींनी जास्त खतावलेले असते. म्हणून असे पाणी समुद्रात सोडू नये, ते जमिनीवरच जिरवावे आणि झाडांना पाजावे, एवढाच मार्ग उरतो. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोली येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते उद्योगांना देण्याची योजना आहे. बेटावर कारखाने नसतात, तेव्हा तेथे ही जबाबदारी बागेने उचलायची असते.

खत वाढले की, प्रवाळ विषबाधेने मरतो असे नाही, तो हरतो. सर्वसाधारणपणे फांद्यांचा प्रवाळ वर्षाला १० ते २० सेंटिमीटर वाढतो, तर मोठ्या गोलाकार शिळांसारखा प्रवाळ वर्षाला एखादाच सेंटिमीटर वाढतो. खत मिळालेले शेवाळ काही आठवड्यांतच मोकळी जागा व्यापते. प्रवाळाच्या पिल्लाला चिकटून बसण्यासाठी घट्ट आणि स्वच्छ पृष्ठभाग लागतो. तो शेवाळाच्या गालिच्याखाली गेला की नवी पिढी बसतच नाही. या चढाओढीत प्रवाळाच्या बाजूने उभा राहणारा प्राणी म्हणजे पोपटमासा. पाण्याखाली काही क्षण श्वास शांत केला, तर त्याचे चरणे चक्क ऐकू येते: दातांच्या चोचीने खडक खरवडल्याचा खरखर असा कोरडा आवाज, मग माशाचे थोडे मागे सरणे, आणि पुन्हा त्याच जागी चावा. खडकावर दोन समांतर पांढरे ओरखडे उरतात. शेवाळाबरोबर गिळलेला चुनखडक त्याच्या घशातील दातांमध्ये दळला जातो आणि थोड्या वेळाने शेपटीमागून पांढऱ्या वाळूचा लहानसा ढग बाहेर पडतो. मोठ्या जातीचा एक पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. ज्या वाळूत आपण अनवाणी चालतो, तिच्यातील मोठा वाटा या माशांचा असतो, आणि म्हणूनच ज्या निवासाच्या स्वयंपाकघरात पोपटमासा शिजतो त्याने बाकी कितीही हिरवे फलक लावले असले, तरी त्याबद्दल मला आदर वाटत नाही.

सांडपाण्याइतकाच नाजूक प्रश्न गोड्या पाण्याचा आहे. प्रवाळाच्या वाळूचे बेट पावसाचे पाणी शोषून घेते आणि ते गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी किंचित हलके असल्यामुळे हे शक्य होते. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जास्त असते, आणि त्यातून निघणारा नियम गायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांच्या नावाने ओळखला जातो: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर, त्याच्या सुमारे चाळीसपट त्याची खोली खाली. प्रत्यक्षात मधला थर मिसळत राहतो, त्यामुळे साठा या हिशेबापेक्षा पातळच असतो. या नियमाची उलटी बाजू अधिक महत्त्वाची आहे. पंप लावून विहिरीची पातळी केवळ १० सेंटिमीटर उतरवली आणि ती तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी सुमारे चार मीटर वर सरकू पाहते. एकदा खारट झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागू शकतात, आणि त्याची झळ पाहुण्यांना बसत नाही, ती तेथील रहिवाशांना बसते. त्यातच शौचालयाचा शोषखड्डा विहिरीच्या जवळ असेल, तर सच्छिद्र वाळूतून मैलापाणी थेट त्याच साठ्यात उतरते आणि तेथून हळूहळू किनाऱ्याकडे झिरपते. म्हणून बेटावरील शोषखड्डा म्हणजे मैल्याची विल्हेवाट नव्हे.

विहिरीला हात लावायचा नसेल, तर पावसाचे पाणी साठवावे किंवा समुद्राचे पाणी गोडे करावे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला १,५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के पन्हळीतून हौदात उतरवता आला, तर १ लाख २० हजार लिटर पाणी हाती येते. शहरांसाठीच्या माणशी रोज १३५ लिटर या मापाने दोन माणसांना ते वर्षभर पुरून उरते; अडचण एवढीच की, कोरड्या पाच महिन्यांसाठी खोलीमागे ४० हजार लिटरची टाकी बांधावी लागते. समुद्राच्या पाण्याचे आर.ओ. संयंत्र हजार लिटरमागे साधारण तीन ते चार युनिट वीज घेते, आणि डिझेल जनरेटर एका लिटरमध्ये साधारण तेवढीच वीज देतो. म्हणजे शॉवरखाली दहा मिनिटांत शंभर लिटर पाणी वाहून गेले, तर सुमारे शंभर मिलिलिटर डिझेल जळाले. उरलेले दाट खारे पाणी जड असते आणि तळाशी पसरते, त्यामुळे ते उथळ खाजणात न सोडता प्रवाह असलेल्या जागी सोडावे लागते. लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे राष्ट्रीय समुद्र प्रौद्योगिकी संस्थेने २००५ मध्ये याहून वेगळा मार्ग प्रत्यक्षात आणला. पृष्ठभागाचे सुमारे २८ अंशांचे पाणी कमी दाबाखाली वाफेत बदलायचे आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करून गोडे पाणी मिळवायचे, अशी ही पद्धत आहे. तेथील संयंत्राची क्षमता दिवसाला एक लाख लिटर ठेवण्यात आली. प्रवाळ बेटाची कड समुद्रात एकदम खोल उतरते, म्हणून किनाऱ्यापासून जवळच एवढे गार पाणी मिळते. मात्र खोल समुद्राचे पाणी स्वतःच नत्राने आणि स्फुरदाने समृद्ध असते, तेव्हा असे पाणी वापरून झाल्यावर कुठे सोडायचे हा प्रश्न इथेही टळत नाही.

ही सगळी गणिते एकत्र मांडलेले जगातील एक जुने आणि लहान उदाहरण म्हणजे झांझिबारजवळील चुंबे बेट. तेथील प्रवाळभित्ती १९९४ मध्ये संरक्षित घोषित झाली. बेटावर पाहुण्यांसाठी केवळ सात झोपड्या आहेत. प्रत्येकीच्या छपरावरचे पाणी जमिनीखालच्या टाकीत उतरते, शौचालये पाण्याविना चालणारी आणि मैल्याचे खत करणारी आहेत, आणि अंघोळीचे पाणी झाडे लावलेल्या वाफ्यात मुरते. विशेष म्हणजे तेथे पाहुण्यांना स्नॉर्केलवर पोहता येते, पण टाकी पाठीवर घेऊन बुडी मारता येत नाही. बुडी मारणाऱ्या माणसाला हे कठोर वाटेल. मला ते प्रामाणिक वाटते.

अंदमानातील एका निवासात स्वयंपाकघराच्या मागे असाच एक वाफा मी पाहिला. मोठ्या खडीवर बारीक खडी, तिच्यावर वाळू, आणि तीत दाटीने लावलेली कर्दळ. कोकणातल्या परसात मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावतात, त्याचीच ही शास्त्रशुद्ध आवृत्ती म्हणता येईल. मुळांभोवतीचे जिवाणू सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट करतात, प्राणवायू नसलेल्या खालच्या थरातील दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात, आणि उरलेले नत्र पाने पिऊन टाकतात. कर्दळ वेळोवेळी कापून वाफ्याबाहेर न्यावी लागते, नाहीतर पाने कुजून तेच खत पाण्यात परत येते. तेथील माळी कापलेला पाला नारळाच्या आळ्यात नेऊन टाकत होता. त्याच किनाऱ्यावर थोडे पुढे गेल्यावर एका दुसऱ्या निवासासमोरच्या दगडांवर हिरव्या शेवाळाच्या दाट बटा होत्या, त्या पाइपच्या तोंडापासून सुरू होऊन प्रवाहाच्या दिशेने विरळ होत गेल्या होत्या. प्रयोगशाळा नसलेल्या माणसालाही वाचता येईल अशी ही नोंद होती.

निवास कितीही काळजीपूर्वक चालवला, तरी समुद्राचे तापमान त्याच्या हातात नसते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एक अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो; यालाच विरंजन म्हणतात. लक्षद्वीपने हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये सोसले, आणि एप्रिल २०२४ मध्ये जागतिक पातळीवरील चौथे विरंजन जाहीर झाले, तेव्हाही लक्षद्वीपचे प्रवाळ त्यातून सुटले नाहीत. मुंबई ते अंदमान आणि परत हा विमानप्रवास सुमारे ४,६०० किलोमीटरचा आहे आणि त्यात माणशी ढोबळमानाने चारशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खोलीवरील सौर पत्रे चार दिवसांत हा आकडा भरून काढू शकत नाहीत. त्यामुळे दोन छोट्या सहलींऐवजी एक मोठा मुक्काम करणे मला अधिक योग्य वाटते. तरीही नत्राचा मुद्दा इथे सुटत नाही, कारण नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण बिघडलेल्या पाण्यात प्रवाळाची उष्णता सोसण्याची ताकद कमी होते, आणि विरंजनानंतर मोकळ्या पडलेल्या खडकावर प्रवाळ परत येणार की शेवाळ, हे त्या पाण्यावर आणि पोपटमाशांच्या संख्येवर अवलंबून असते.

बुडी मारणाऱ्याने स्वतः सांभाळायच्या गोष्टी थोड्या आणि सुपरिचित आहेत: प्रवाळाला अपायकारक मानले जाणारे ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेले सनस्क्रीन न लावता लांब बाह्यांचा पोशाख वापरावा, बोट नांगर न टाकता बोयाला बांधली जाते की नाही ते पाहावे, आणि पाण्यात अधांतरी स्थिर राहण्याचा सराव इथल्या तलावातच पक्का करून जावे, म्हणजे तेथे फिनचा फटका प्रवाळाला बसत नाही.

शेवटच्या दिवशी बुडी मारता येत नाही. अठरा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे पावणेतीनपट होतो, त्यामुळे श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये अधिक विरघळतो. विमानाच्या केबिनमधील दाब दोन हजार मीटरहून उंच डोंगरावर असतो तितका कमी होऊ शकतो, आणि तो वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडण्याचा धोका असतो. म्हणून अनेक बुड्यांनंतर उड्डाणापूर्वी किमान १८ तास थांबण्याचा सल्ला दिला जातो. हा रिकामा वेळ निवासाच्या मागच्या बाजूला घालवावा. व्यवस्थापकाला विचारून प्रक्रिया केंद्राचे झाकण उघडायला लावावे, दररोज किती पाणी आले आणि किती बागेत गेले याची वही मागावी, गाळ कुठे जातो ते विचारावे, आणि कर्दळीच्या वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला निघणारा पाइप नारळाच्या आळ्यांत संपतो की समुद्राकडे वळतो, ते स्वतः चालत जाऊन पाहावे.