गप्प बसलेल्या नेकची लुडबुड

दोन नेकची पेडल स्टील गिटार म्हणजे एका चौकटीवर शेजारी शेजारी मांडलेली दोन वाद्यंच. नेक म्हणजे तारा ताणून बसवलेली लांब पट्टी, आणि प्रत्येक नेकवर बहुधा दहा तारा. एक नेक 'ई-नाइन' नावाच्या स्वरजुळणीत लावलेली, दुसरी 'सी-सिक्स'मध्ये. वादक पोलादी बार तारांवरून सरकवत वाजवतो आणि नेक बदलायची झाली की एक स्विच फिरवतो. या स्विचला सहसा तीन जागा असतात: ही नेक, ती नेक आणि दोन्ही. घोळ आहे तो तिसऱ्या जागेत.

दोन्ही चालू केल्या की आवाज निदान तेवढाच राहावा, असं कुणालाही वाटेल. पण एकाच नेकवर वाजवत असाल तर तो चक्क उतरतो. पडताळा घ्यायचा तर आवाज कमी ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तारांखालच्या एका पिकअपवर, म्हणजे त्यांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागावर, हलकेच टकटक करा. स्विच त्याच नेकवर असताना स्पीकरमधून ठसठशीत 'टक' येतो. 'दोन्ही'वर नेला की तोच टक पडेल आणि किरटा वाटतो.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि फॅरेडेच्या नियमाप्रमाणे विद्युतदाब निर्माण होतो. दुसऱ्या नेकच्या तारा निपचित आहेत, म्हणून तिच्या कॉइलमध्ये काही निर्माण होत नाही. पण ती सर्किटमधून बाहेर गेलेली नसते. ती समांतर जोडलेली असते आणि पहिल्या पिकअपमधला प्रवाह तिच्यातूनही वाहतो. दोन्ही पिकअप सारखे असतील तर निम्मा दाब वाजणाऱ्या पिकअपच्या आतच खर्ची पडतो आणि निम्माच पुढे जातो. डेसिबलच्या भाषेत ही 6 डेसिबलची घट.

बरं, नुसता आवाज कमी झाला असता तर नॉब फिरवून भागलं असतं. इथे स्वराचा पोतही बदलतो. कॉइलचं प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला अडवण्याचा गुण) आणि केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका ठरावीक वारंवारतेला उचलून धरतात. पिकअपचं प्रेरकत्व 4 हेन्री आणि केबलची धारिता 500 पिकोफॅरड धरली, कॉइलची स्वतःची धारिता सोडून दिली, तर हा उंचवटा सुमारे 3,560 हर्ट्झवर येतो. दोन पिकअप समांतर जोडले की प्रेरकत्व निम्मं होतं आणि उंचवटा 5,030 हर्ट्झच्या आसपास सरकतो. तेच एकसर जोडले तर 2,520वर उतरतो, म्हणून एकसर जोडणीचा आवाज भरदार, जरा जाडसर लागतो. पिकअप तेच, तारा त्याच. फक्त दोन वायरी कुठे सोल्डर केल्या एवढाच फरक.

प्रत्येक नेकच्या पिकअपनंतर एक छोटा बफर, म्हणजे त्या पिकअपला पुढच्या जोडणीपासून अलग ठेवणारं सर्किट, बसवून मगच दोन्ही सिग्नल एकत्र केले, तर ही लुडबुड थांबते. मला हाच उपाय खरा वाटतो, जरी त्यापायी वाद्यात बॅटरी घालावी लागते आणि ती ऐन कार्यक्रमात उतरू शकते.

'दोन्ही'च्या बाजूनेही एक गोष्ट आहे. दोन नेकचे पिकअप एकेरी कॉइलचे असतील आणि एकाची गुंडाळी व चुंबक दुसऱ्याच्या उलट असतील, तर विजेच्या लाइनमधून येणारी 50 किंवा 60 हर्ट्झची घरघर दोघांत मिळून बरीचशी रद्द होते. 1950च्या दशकातल्या फेंडर स्ट्रिंगमास्टरने ही युक्ती प्रत्येक नेकवरच वापरली: नेकला दोन पिकअप आणि त्यांचं मिश्रण ठरवणारं एक छोटं चाक.

एकेक नेक वेगळी वाजवतानाही दोन्हींचा तोल सहज जमत नाही. सी-सिक्सची दहावी तार सुमारे 65 हर्ट्झवर बोलते, ई-नाइनची तिसरी 415वर. सामाईक टोन नॉब एकीला मानवतो तेव्हा दुसरी कुरकुरते. अशा वेळी लोक नवा पिकअप शोधायला धावतात. त्याआधी आहे त्याची उंची बघावी. अंतर वाढलं की चुंबकीय क्षेत्र झपाट्याने विरळ होतं, त्यामुळे जाड तारांच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा उतरवला तरी खर्जाची दांडगाई आटोक्यात येऊ शकते.

इतकं करूनही तोल एका जागी बसत नाही, कारण बार सरकला की तारेची वाजणारी लांबी बदलते. 24 इंचांच्या तारेखाली ब्रिजपासून दीड इंचावर पिकअप असेल, तर मोकळ्या तारेचा सोळावा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या सोळापट वारंवारतेचा उपस्वर, त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. तिथे त्या हार्मोनिकचा निस्पंद बिंदू असतो, म्हणजे त्या कंपनात तार तिथे हलतच नाही. बार बाराव्या फ्रेटच्या खुणेवर गेला, म्हणजे तार निम्मी उरली, की हीच गत आठव्या हार्मोनिकची होते आणि चोविसाव्यावर, तार पाव उरली की, चौथ्याची. पिकअप जागचा हललेला नसतो, तरी वर चढत गेलं की आवाज बदलत जातो, आणि इथे वायरिंगचा काहीएक दोष नसतो.